तारे पुढच्यांना, बाकडी मागच्यांना

मोटारगाडीची खरेदी हा समाजवादी साप्ताहिकातील चर्चेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटार म्हणजे चैन आणि मोटारवाला म्हणजे वरचा वर्ग हे समीकरण चळवळीत दीर्घकाळ रूढ होते व एके काळी ते खरेही होते. परंतु गडचिरोलीहून धानोऱ्याकडे आणि तेथून मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ९३० वर घटकाभर उभे राहिले, तर हे समीकरण किती अपुरे आहे ते ध्यानात येते. या रस्त्यावरून मोटारीने जाणारी बहुतेक माणसे मोटारीची मालक नसतात. तेंदूच्या हंगामाला निघालेले मजूर, बाजाराहून परतणाऱ्या बाया, जिल्हा रुग्णालयात न्यावयाचा रुग्ण आणि त्याच्यासोबतचे नातलग, असे हे प्रवासी असतात. वाहन एकाचे, भाडे दहा जणांचे आणि धोका सर्वांचा, अशी ही व्यवस्था आहे. तेव्हा मोटार सुरक्षित आहे की नाही, हे कोण ठरवतो आणि कोणासाठी ठरवतो, हा प्रश्न चैनीचा नसून जीविताचा आहे.

अशा कामासाठी जे वाहन लागते त्याचा मूळ नमुना म्हणजे स्टेशन वॅगन. रेल्वेच्या स्थानकावर उतरलेला प्रवासी आणि त्याचे सामान एकाच गाडीत घालून मुक्कामी पोचवणे, या गरजेतून अमेरिकेत हे नाव पडले. गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ देसाईगंज, म्हणजे वडसा, हे एकच रेल्वेस्थानक ठाऊक आहे, आणि धानोऱ्याला तेही दूरच. जेथे स्थानक नाही तेथेच अशा वाहनाची निकड सर्वांत अधिक असावी, हा आपल्या नियोजनाचा एक विपर्यास होय. आपल्या देशात टाटांची इस्टेट १९९२ मध्ये आणि इंडिगो मरिना २००४ मध्ये आली. परंतु खऱ्या अर्थाची स्टेशन वॅगन येथे रुजली नाही. तिची जागा १९९४ च्या सुमोने, २००० मधील बोलेरो आणि क्वालिसने व पुढे २०१२ मधील अर्टिगाने घेतली. त्याहून स्वस्त प्रवास हवा त्यांच्यासाठी काळीपिवळी होतीच. धानोऱ्यातील एखाद्या तरुणाने कर्ज काढून, बचत गटाने किंवा ग्रामसभेने एकत्र येऊन माणसे व माल वाहणारी गाडी घ्यायची ठरवली, तर निवड याच परिवारातून करावी लागते. त्यांच्या हाती आज दोन साधने आहेत. एक म्हणजे तज्ज्ञांची परीक्षणे आणि दुसरे म्हणजे सुरक्षिततेचे तारांकन. दोन्ही उपयोगी आहेत, दोन्ही अपुरी आहेत. आणि त्यांच्या अपुरेपणाला वर्गीय बाजू आहे.

प्रथम तारांकनाचा इतिहास पाहू. मोटार अपघात हा चालकाचा दोष, मोटारीचा नव्हे, असे उत्पादक अनेक दशके सांगत आले. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाने या समजुतीला हादरा दिला. जनरल मोटर्सने त्यांच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले. ते उघड झाल्यावर कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली आणि १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. १९७९ पासून तेथील शासनाने धडक-चाचण्यांचे निष्कर्ष ग्राहकांसाठी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. युरोपात ते काम १९९७ मध्ये सुरू झाले. हे ज्ञान बाजाराने आपण होऊन दिले नाही. ते नागरिकांच्या दबावाने हिसकावून घ्यावे लागले.

आपल्याकडे ते फार उशिरा आले. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारींच्या प्राथमिक आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो या पाचही मोटारींना एकही तारा मिळाला नाही. यातील मौज अशी की, तीच पोलो दोन एअरबॅगांसह तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले. याचा अर्थ कारखान्याला ज्ञान नव्हते असे नाही. ते भारतीय ग्राहकाला जादा पैशांखेरीज द्यायचे नव्हते. मात्र अल्टो, नॅनो आणि आय-१० यांचे सांगाडेच धडकेत टिकले नाहीत, आणि अशा मोटारींत केवळ एअरबॅगा बसवून भागणार नाही, असाही त्या चाचणीचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये तपासलेली स्कॉर्पिओची एअरबॅग नसलेली आवृत्तीही शून्यावरच राहिली. या बदनामीनंतर चक्रे फिरली. २०१७ पासून नव्या प्रतिरूपांना धडक-चाचणीचे किमान निकष लागू झाले, २०१९ मध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारांकन पद्धती अंमलात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात संशय नाही.

परंतु तारे मोजण्यापूर्वी ते कसे मिळतात हे समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे चाचणीचे वर्ष. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये आपले नियम कडक केले. त्यामुळे २०१८ चे पाच तारे आणि २०२३ चे पाच तारे ही एकच गोष्ट नव्हे. अर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे होते. आफ्रिकेच्या बाजारासाठी भारतात तयार झालेल्या त्याच नावाच्या मोटारीला २०२४ मध्ये नव्या नियमांखाली एकच तारा मिळाला. बोलेरो निओलाही २०२४ मध्ये एकच तारा मिळाला. उलट २०२२ च्या अखेरीस स्कॉर्पिओ-एनने पाच तारे मिळविले. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत एवढे अंतर असेल, तर केवळ कंपनीच्या नावावर विसंबणे हा भाबडेपणा ठरेल.

दुसरी गोष्ट वजनाची. समोरच्या धडकेची चाचणी साधारणपणे आपल्याच वजनाच्या वाहनाशी झालेल्या टकरीसारखी असते. म्हणून पाच तारे मिळवलेली लहान मोटार ही तीन तारे मिळवलेल्या अवजड गाडीपेक्षा प्रत्यक्ष टकरीत सुरक्षित ठरेलच असे नाही. तुलना करायची ती सारख्या वजनाच्या गाड्यांत. तिसरी गोष्ट वेगाची. चाचणी ताशी ६४ किलोमीटरची असते, आणि धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्याच गाडीत ती ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. तारे तेच राहतात, त्यांचे कवच मात्र अपुरे पडते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. चाचणीच्या वेळी मोटारीत कोण बसलेले असते? समोरच्या धडकेत पुढच्या दोन आसनांवर मध्यम बांध्याच्या प्रौढ पुरुषाचे दोन पुतळे असतात. मागे दीड आणि तीन वर्षांच्या बालकांचे पुतळे बालकांसाठीच्या खास आसनांत घट्ट बांधलेले असतात. सर्वांना पट्टे असतात. तिसऱ्या रांगेत कोणी नसते. आडव्या बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली चार माणसे त्यात नसतात. मांडीवर मूल घेतलेली आई नसते, दाराला लोंबकळणारा पोरगा नसतो आणि टपावर धानाची पोती नसतात. म्हणजे पाच तारे हे वचन पुढच्या दोघांना आणि खास आसनातील बालकांना दिलेले आहे. धानोऱ्याच्या प्रवाशाचा त्या वचनात नामोल्लेखही नाही.

किंबहुना बऱ्याचदा तो नियमाच्या कक्षेतच येत नाही. भारत एनकॅपची योजना चालक धरून नऊपर्यंत आसने आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या प्रवासी मोटारींसाठी आहे, आणि तीही ऐच्छिक. चालक धरून दहा किंवा अधिक आसनांची जी वाहने पेंढरी, गट्टा, रांगी, कारवाफा यांसारख्या गावांना तालुक्याशी जोडतात, त्यांना तारा मागण्याची सोयच नाही. ज्या वाहनात दोन माणसे बसतात त्याची परीक्षा होते आणि ज्यात पंधरा बसतात ते परीक्षेविना पास होते, हा न्याय कोणता?

मागच्या आसनाची उपेक्षा श्रीमंतांनाही भोवते, हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघाताने दाखवून दिले. उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज जीएलसी ही युरोपात पाच तारे मिळालेली मोटार होती. मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल हे दोघे मागच्या आसनावर होते, आणि पोलिसांच्या माहितीनुसार त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. ते दोघेही दगावले. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. त्या मोटारीत मागे पट्टे होते, ते लावले गेले नाहीत. काळीपिवळीच्या आडव्या बाकड्याला लावण्यासाठी पट्टाच नसतो. पहिला प्रश्न प्रबोधनाचा आहे, दुसरा प्रश्न हक्काचा.

आता तज्ज्ञांच्या परीक्षणांकडे वळू. अर्थशास्त्रात माहिती ही सार्वजनिक वस्तू मानली जाते. ती एकाने मिळविली की सर्वांना फुकट वापरता येते. म्हणून ती निर्माण करण्याचा खर्च बाजारात कोणी आनंदाने उचलत नाही. मोटारविषयक नियतकालिकांचा खर्च प्रायः जाहिरातींतून निघतो आणि त्या जाहिराती मोटार कारखान्यांच्याच असतात. परीक्षणासाठी गाडीही बहुधा कारखानाच पुरवतो. ती नवी कोरी असते, तिच्यात दोघे-तिघे बसतात, आणि घाटातील वळणांवर ती किती चपळ आहे याचे रसभरीत वर्णन होते. त्या परीक्षकांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, गाडी गच्च भरल्यावर ब्रेक किती अंतरात लागतात, टपावर ओझे असताना वळणावर ती किती झुकते, तिसऱ्या रांगेतून बाहेर पडायला किती वेळ लागतो, यांची उत्तरे त्या परीक्षणांत क्वचितच असतात. कारण ज्यांना ती हवी आहेत ते त्या नियतकालिकांचे वाचक नाहीत.

याला पर्याय असू शकतो. अमेरिकेत १९३५ साली ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ या संस्थेतील कामगारांनी संप केला आणि १९३६ मध्ये संपकऱ्यांनी ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही आपली स्वतंत्र संस्था उभी केली. तिचे नियतकालिक जाहिराती घेत नाही आणि परीक्षणासाठी लागणाऱ्या मोटारी आपले नाव न सांगता बाजारातून विकत घेते. ग्राहकाची बाजू घेणारी विश्वासार्ह तपासणी संपातून जन्माला आली, हा योगायोग मानू नये. आपल्याकडेही ग्राहक चळवळीची परंपरा मोठी आहे; मुंबई ग्राहक पंचायतीचा आरंभ १९७५ चा आणि पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. परंतु मोटारीच्या बाबतीत ही परंपरा जंगलातील तालुक्यापर्यंत पोचलेली नाही.

शिवाय धानोऱ्यासारख्या ठिकाणी पुष्कळदा गाडी पोचते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला दोष घेणाऱ्याला कळत नसेल, तर चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि बाजारात वाईट मालाचीच गर्दी होते. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या गाडीचा ग्राहक मात्र होता तेथेच आहे. नव्या गाडीला मिळालेला तारा घासलेल्या टायरला, वेल्डिंगने जोडलेल्या चेसिसला किंवा एकदा फुटून पुन्हा न बसवलेल्या एअरबॅगला लागू पडत नाही. जुनी गाडी घेताना तारांकनापेक्षा जाणत्या मेकॅनिकची तास-दोन तासांची तपासणी अधिक मोलाची ठरते, हे कार्यकर्त्यांनी आग्रहाने सांगितले पाहिजे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सुरक्षिततेची सक्ती केली की गाड्या महागतील, हप्ते वाढतील, वाहने कमी होतील आणि शेवटी गरिबालाच पायी चालावे लागेल, असे सांगितले जाते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या गावाला दिवसातून एखादीच एस.टी. येते तेथे काळीपिवळीवर उद्या बंदी घातली, तर रुग्णाला खाटेवर घालून न्यावे लागेल. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस.टी. संपात खाजगी वाहनांवाचून खेड्यांचे किती अडते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. जादा माणसे बसवणारा चालकही हौसेने तसे करीत नाही. हप्ता आणि डिझेल यांचा मेळ घालताना त्याला दोन माणसे अधिक घ्यावीच लागतात. नुसत्या दंडाने ही गर्दी हटत नाही, दंडाची रक्कम तेवढी भाड्यात मिळवली जाते.

तथापि आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, असुरक्षित वाहनही स्वस्त नसते; त्याची किंमत दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलेली असते. कर्ता पुरुष गेला तर त्याची किंमत कुटुंब देते, अपंग झाला तर शेत गहाण पडते, आणि चालकाच्या घरी गाडी मोडल्यावरही हप्ता उरतो. कारखान्याने वाचवलेले काही हजार रुपये असे फिरून गरिबाकडूनच वसूल होतात. एखादे साधन सर्व गाड्यांना सक्तीचे झाले की ते मोठ्या संख्येने तयार होऊन स्वस्त होते, हाही अनुभव आहे. व्होल्वो कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्व उत्पादकांना खुले केले. सुरक्षिततेचे ज्ञान ही खाजगी मिरास ठेवायची नाही, असा निर्णय एक भांडवलदारी कंपनी घेऊ शकली. मग लोककल्याणकारी राज्याने मागे राहावे काय?

समाजवाद्यांजवळ या बाबतीत स्वतःचा दाखला आहे. १९७७ ते १९७९ या काळात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी घालण्याचा निर्णय त्यांचा, आणि वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत, १९७७ च्या डिसेंबरात. वरच्या वर्गाच्या सोयी पाझरत खाली येतील अशी वाट पाहायची नाही, सुधारणा शेवटच्या डब्यापासून सुरू करायची, हे त्या निर्णयामागचे तत्त्व होते. मोटारसुरक्षेत आज नेमके उलटे चालले आहे. सुधारणा पुढच्या आसनापासून सुरू होते आणि मागच्या बाकड्यापर्यंत पोचण्यापूर्वीच संपते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. तारांकन ऐच्छिक न ठेवता सक्तीचे करावे आणि ते विक्रीच्या वेळी गाडीवर मराठीत लिहिलेले असावे. तिसऱ्या रांगेतील प्रवासी चाचणीत धरावा. भाड्याने माणसे वाहणाऱ्या दहा व त्याहून अधिक आसनांच्या गाड्यांसाठी स्वतंत्र चाचणी असावी. त्यांतील प्रत्येक आसन समोर तोंड केलेले व पट्ट्याचे असावे, आणि जुन्या गाड्यांत हा बदल करण्यासाठी चालक-मालकांना अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. पुण्यात ‘ए.आर.ए.आय.’ ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून आहे; परंतु ती वाहन उद्योगाच्याच सहभागाने उभी राहिलेली संस्था आहे. तपासणाऱ्या यंत्रणेत ग्राहकांना व वाहतूक कामगारांना स्थान मिळणे हा लोकशाहीचा भाग आहे. आणि या सर्वांच्या आधी एस.टी.च्या फेऱ्या वाढल्या पाहिजेत. कारण गरिबासाठी सर्वांत सुरक्षित स्टेशन वॅगन म्हणजे वेळेवर येणारी सार्वजनिक बस. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. या जवळजवळ दोन-तृतीयांश मृतांना मोटारीच्या तारांनी कोणतेच छत्र दिले नसते. त्यातील अनेकांना बसने दिले असते.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे असे नाही. धानोऱ्यापासून तीन किलोमीटरांवर मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. या यशामागे एक पद्धत होती. गावाने अभ्यासगट चालवले. बाहेरच्या जाणकारांना बोलावून त्यांचे ऐकून घेतले, त्यांना प्रश्न विचारले, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घेतला. तज्ज्ञाला मान आहे, पण मुखत्यारी नाही. वनकायद्यासारखा किचकट विषय जर गाव असा पचवू शकते, तर मोटारीचे तारांकन त्यापुढे काय कठीण? बांबू आणि तेंदूच्या उत्पन्नातून उद्या एखाद्या ग्रामसभेने वाहन घ्यायचे ठरवले, तर अभ्यासगटात चाचणीचा तक्ता वाचला जावा. वर्ष कोणते, वजन किती, सांगाडा टिकला की नाही, मागे पट्टे आहेत की नाहीत, हे प्रश्न विक्रेत्याला मोठ्याने विचारले जावेत. घेतलेल्या गाडीत किती माणसे बसतील हेही ग्रामसभेनेच ठरवावे आणि पाळावे. कार्यकर्त्याचे काम तो तक्ता मराठीत आणि शक्य तेथे गोंडीत समजावून देण्याचे आहे.

गाडीची परीक्षा पुढच्या काचेतून पाहून होत नाही. मागचे दार उघडावे, बाकड्यावर कोण बसणार आहे ते पाहावे, आणि त्याच्यासाठी काय केले आहे ते विचारावे. हा प्रश्न धानोऱ्याच्या थांब्यावर विचारायचा आहे, तसाच तो मुंबईच्या मंत्रालयात आणि दिल्लीच्या संसदेतही विचारायचा आहे.